दंतवैद्याकडचा जुना अंक आणि आनंदीबाईंचा प्रवेशअर्ज

२८ जून १८८३. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील रोझेल या लहानशा गावातून एक पत्र फिलाडेल्फियाकडे रवाना झाले. पत्र पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजचे सचिव आल्फ्रेड जोन्स यांच्या नावे होते. लिहिणारीचे वय अठरा वर्षे. तिच्याजवळ मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते, तीन वर्षांच्या शिक्षणाला पुरेल एवढा पैसा नव्हता, आणि त्या देशात पाऊल ठेवून तिला महिनाही झाला नव्हता. हे पत्र म्हणजे आनंदीबाई जोशी यांचा वैद्यकीय महाविद्यालयासाठीचा प्रवेशअर्ज.

आनंदीबाईंची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. नऊ वर्षांची वधू, वीस वर्षांनी मोठा व शिक्षणाच्या ध्यासाने पछाडलेला पती, बोटीचा प्रवास, पदवी, क्षय आणि अकाली मृत्यू. या कथेत एक साधा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. टपाल खात्यातल्या एका कारकुनाच्या घरी, आज कोल्हापूर, उद्या भुज, परवा श्रीरामपूर अशी बदल्यांची फरफट चालू असताना, फिलाडेल्फियात स्त्रियांसाठी वैद्यकीय कॉलेज आहे ही माहिती पोहोचली तरी कशी? अर्ज कोठे व कोणाच्या नावे करायचा हे कोणी सांगितले? आणि पैसा कोणी दिला, कोणत्या अटीवर?

त्या काळी गरीब विद्यार्थ्याने उच्च शिक्षण घेण्याच्या वाटा अगदीच नव्हत्या असे नाही. पेशवाईत श्रावणात वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा पैसा इंग्रजी अमदानीत हळूहळू ग्रंथांच्या बक्षिसांकडे आणि दक्षिणा फेलोशिपकडे वळला होता. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती. त्याखेरीज वार लावून जेवणे होते, माधुकरी होती, शिकवण्या होत्या. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्याला थोरल्या भावाचा पगार होता. गोविंदरावांना दरमहा १५ रुपये मिळत आणि त्यांतले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत.

या सगळ्या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. मदत मिळायची ती परीक्षेच्या पायरीवर, किंवा जातीच्या नाहीतर नात्याच्या ओळखीवर. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवले. स्पर्धेतून शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्यामुळे ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेले नाही तेथे ते पोहोचत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रियांच्या बाबतीत तर ही पायरीच नव्हती. मुंबई विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या त्या १८८३ मध्ये, म्हणजे आनंदीबाई देश सोडून गेल्या त्या वर्षी. ज्या परीक्षेला बसताच येत नाही तिच्यात पहिला क्रमांक कसा मिळवावा?

तेव्हा जोशी दांपत्याला हाताशी असलेल्या एकाच साधनाचा आधार होता, ते म्हणजे टपाल.

गोपाळराव स्वतः टपाल खात्यात होते ही गोष्ट येथे केवळ तपशिलाची नाही. पत्र कोठे जाते, किती दिवसांत जाते आणि अनोळखी माणसापर्यंतही पोहोचते, यावर त्या काळच्या सामान्य गृहस्थापेक्षा त्यांचा विश्वास अधिक असणार. कोल्हापुरात असताना, १८७८ च्या सप्टेंबरात, त्यांनी तेथील अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे रेव्हरंड गोहीन यांना पत्र लिहिले. आपल्याला पत्नीला शिकवायचे आहे, त्यासाठी अमेरिकेला जाण्याची इच्छा आहे, तेथे काही मदत होऊ शकेल काय, असा त्याचा आशय होता. पत्र पुढे रेव्हरंड वाइल्डर यांच्याकडे गेले. वाइल्डर यांनी कोल्हापुरात दीर्घ काळ मिशनचे काम केले होते आणि आता ते प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे नियतकालिक चालवीत होते.

उत्तर नकाराचे आले. नुसत्या नकाराचे नव्हे, त्यात अट होती. ख्रिस्ताचा स्वीकार करा, मग पुढचे पाहता येईल, असा त्याचा सूर होता. गोपाळरावांना धर्म बदलायचा नव्हता. एकोणिसाव्या शतकातील ‘मोफत’ शिक्षणाचा हा पेच होता. मिशनच्या शाळा होत्या, शिकवणाऱ्या बाया होत्या, पुस्तके होती, आणि त्या सगळ्याच्या मागे बहुतेक वेळा एक न बोललेली अपेक्षाही होती. मुंबईत आनंदीबाई मिशनच्या शाळेत जात. रस्त्याने लोक टिंगल करीत, आणि शाळेत बायबल पुढे येई. दोन्हीकडून कोंडी. मिशनऱ्यांना केवळ कावेबाज ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या गावात मुलींना शिकवणारे दुसरे कोणीच नव्हते, तेथे निदान दार उघडे ठेवणारे तेच होते.

वाइल्डर यांनी हा सारा पत्रव्यवहार १८७९ च्या प्रारंभी आपल्या नियतकालिकात छापून टाकला. गोपाळरावांचे पत्र, आपले उत्तर, सगळे. वाइल्डर यांच्या लेखी विषय तेथे संपला. एका हिंदू गृहस्थाची विनंती आणि तिला दिलेला धर्मोपदेश, एवढेच त्याचे मोल.

वर्षभर काहीच घडले नाही. मग १८८० मध्ये रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या एक बाई दंतवैद्याकडे गेल्या. पाळी येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून तेथे पडलेल्या मासिकांतला एक अंक त्यांनी उचलला. तो ‘मिशनरी रिव्ह्यू’चा जुना अंक होता आणि त्यात ते पत्र होते. पत्नीला शिकवण्यासाठी एवढी धडपड करणारा पती आणि त्याला मिळालेले असे उत्तर, हे वाचून त्या बेचैन झाल्या. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. कार्पेंटर बाई धनाढ्य नव्हत्या, कोणत्या संस्थेच्या पदाधिकारीही नव्हत्या. चार माणसांसारख्या संसारी गृहिणी होत्या.

योगायोग म्हणून या प्रसंगाचे पुष्कळ कौतुक झाले आहे. परंतु योगायोग घडायलाही काहीतरी छापलेले असावे लागते. गोपाळरावांची विनंती खाजगी राहिली असती तर ती कोल्हापुरातल्या एखाद्या फडताळात पडून राहिली असती. ती छापली गेली आणि त्यामुळे ज्या वाचकासाठी ती मुळीच नव्हती त्या वाचकाच्या हाती लागली. जे पत्र मदत नाकारल्याचा दाखला म्हणून छापले गेले, त्यानेच मदत मिळवून दिली.

कार्पेंटर बाईंचे पत्र आनंदीबाईंना मिळाले तेव्हा कोल्हापूर सुटले होते आणि मुक्काम कच्छमध्ये भुजला होता. तेथून सुरू झालेला पत्रव्यवहार तीन वर्षे चालला. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. या पत्रांतून बालविवाहाची चर्चा झाली, देवाधर्माची झाली, घरकामाची झाली आणि प्रकृतीची तर फार झाली, कारण आनंदीबाईंना डोकेदुखी व ताप वारंवार सतावीत असे. इंग्रजी लिहिण्याचा असा सराव त्या काळी कोणत्या शाळेने दिला असता? प्रवेशअर्जाची भाषा येथे घडत होती, याची कल्पना लिहिणारीलाही नसावी. याच पत्रांतून रोझेलच्या घराचे दार त्यांच्यासाठी उघडले. परदेशी शिक्षणाच्या खर्चात राहण्या-जेवणाचा वाटा केवढा मोठा असतो हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागणार नाही.

वैद्यकच का, याचे उत्तर कोल्हापूरच्याही आधीच्या एका दुःखात आहे असे सामान्यतः सांगितले जाते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत गेला. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या, आणि हा मुद्दा त्यांच्या पुढच्या लेखनात व भाषणात पुन्हा पुन्हा येतो.

कॉलेजचे नाव मात्र आले ते बंगालमध्ये. गोपाळरावांची बदली कलकत्त्याच्या बाजूला झाल्यावर थॉरबर्न नावाच्या एका डॉक्टर दांपत्याशी परिचय झाला, आणि पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे अर्ज करावा हा सल्ला त्यांनी दिला. हे कॉलेज १८५० मध्ये स्थापन झालेले. स्त्रियांना वैद्यकाची पूर्ण पदवी देण्यासाठी निघालेल्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ते एक. त्याच्या मागे फिलाडेल्फियातील क्वेकर पंथाच्या मंडळींचा पुढाकार होता, आणि स्त्रीला शिकवावे की नाही या वादात त्यांचा वेळ जात नव्हता.

मग मद्रास का नव्हे? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. कागदावर पाहिले तर तोच जवळचा आणि स्वस्त पर्याय. आनंदीबाईंनी त्याला जाहीरपणे उत्तर दिले. हिंदुस्थानात स्त्रियांना मिळणारे वैद्यकीय शिक्षण अपुरे आहे, शिकवणारे पुरुष जुन्या विचारांचे आणि काहीसे मत्सरीही आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मिशनऱ्यांकडून व लोकांकडून सोसलेला छळही त्यांनी लपवला नाही. जवळचे कॉलेज आणि शिकू देणारे कॉलेज यांतला फरक त्या अठराव्या वर्षी ओळखून होत्या.

हे उत्तर त्यांनी दिले ते २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात. परदेशगमनाचा बेत कळल्यापासून टीकेचा भडिमार चालू होता. तो एकदाचा संपवावा म्हणून त्या स्वतः सभेपुढे उभ्या राहिल्या. अमेरिकेलाच का, एकटीच का, परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय, संकट ओढवले तर काय, आणि आजवर कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तूच का करावेस, असे प्रश्न त्यांनी आपणच मांडले आणि एकेकाचा समाचार घेतला. वाळीत टाकले तरी आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, ही त्यांची भूमिका होती. वाइल्डर यांच्या अटीला पाच वर्षांनी मिळालेले हे उत्तर मानायला हरकत नाही.

या भाषणाकडे धैर्याचा नमुना म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्याचे एक व्यवहारी अंगही होते. त्याने पैसा उभा राहिला. टपाल खात्याचे प्रमुख एच. ई. एम. जेम्स यांनी लक्ष घातले, वर्गणी निघाली, आणि खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीही मदत केली. तरीही तिकिटाचा खर्च भागवायला माहेरच्या सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्याच. मराठी घरातल्या शिक्षणाच्या इतिहासात बायकांच्या दागिन्यांचा वेगळा जमाखर्च मांडला पाहिजे. गोखल्यांच्या शिक्षणासाठी त्यांच्या वहिनींनी दागिने मोडले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही ठेवले नाही. शिष्यवृत्त्यांना दात्यांची नावे मिळाली, या सोन्याला मात्र कोणाचे नाव मिळाले नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीने आनंदीबाई निघाल्या. गोपाळराव सोबत नव्हते. दोघांचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, आणि त्यांना न्यायला आलेल्या कार्पेंटर बाईंची व त्यांची तेथे पहिल्यांदा प्रत्यक्ष भेट झाली.

येथे आपण पुन्हा त्या २८ जूनच्या पत्रापाशी येतो. प्रमाणपत्रे जोडायला नसतील तर अर्जदाराने काय लिहावे? आनंदीबाईंनी आधी हिशेबी माणसासारखी नोंद दिली. वय, येत असलेल्या भाषा, गणित कोठवर झाले, इतिहासाचे कोणते वाचन झाले. कमतरता झाकण्याचा प्रयत्न नाही, तसा अवाजवी संकोचही नाही. मग त्या मूळ मुद्द्यावर येतात. मित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून येथवर येण्याचा जो निश्चय आहे, तो माझ्या उणिवा भरून काढायला उपयोगी पडावा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मायदेशातील ज्या स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात त्यांच्यापर्यंत पोहोचणे हा हेतू त्या सांगतात, आणि प्रवेशाचे नेहमीचे नियम आपल्यासाठी थोडे सैल करावेत अशी थेट विनंती करतात. गयावया कोठेही नाही. आज परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करताना हेतुपत्र लिहावे लागते, आणि ते लिहून देणाऱ्यांची दुकाने चालतात. त्या सगळ्या व्यवसायाच्या कितीतरी आधी एका मराठी मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेले हे हेतुपत्र आहे, आणि ते अजूनही वाचण्यासारखे आहे.

कॉलेजच्या डीन रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. १८७४ पासून त्या डीनपदावर होत्या. त्यांनी प्रवेश तर दिलाच, शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. या शिष्यवृत्तीला धर्मांतराची अट नव्हती. नऊवारी साडीत, शाकाहार सांभाळून, फिलाडेल्फियाच्या थंडीत आनंदीबाईंनी ती तीन वर्षे काढली. थंड खोलीत धुमसणारी शेगडी आणि सततचे आजारपण, ही त्या शिक्षणाची दुसरी किंमत. ती कोणत्याच शिष्यवृत्तीत धरलेली नसते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई आवर्जून हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली. ज्या गावातून पहिले पत्र गेले होते, त्याच गावाने आता बोलावणे धाडले होते. ते काम हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीस वर्षेही पूर्ण नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठवली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली.

पण कॉलेजचा पत्ता आता महाराष्ट्राला माहीत झाला होता. गुरुबाई करमरकर याच कॉलेजातून १८९२ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. त्यांना दंतवैद्याकडच्या जुन्या अंकाची वाट पाहावी लागली नाही. पंडिता रमाबाईंनी तर खर्चाची निराळीच तजवीज केली होती. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीतून त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडचे भाडे उभे केले. १८८७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती रेचल बॉडली यांनीच.

आणि परीक्षेची पायरी एकदा खुली झाल्यावर तरी प्रश्न सुटला काय? नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात आल्या. या गुणवत्तेवर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या वाट्याला यायला हवी होती. ती स्त्री म्हणून नाकारण्यात आली. नियम छापील होता, गुण छापील होते, तरी दार बंदच राहिले. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही नाव होते. १८८९ मध्ये सोराबजी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. प्रवेशाची पत्रे आता योग्य पत्त्यावर जात होती. पैशासाठी मात्र अजूनही कोणा अनोळखी बाईच्या मनाला पाझर फुटावा लागत होता.